एक नाव द्या

प्राचार्यांच्या खोलीतला पंखा बंद होता, पण तो लावायला कुणी उठेना. सगळे विभागप्रमुख खुर्च्या ओढून बसले होते आणि प्राचार्य चष्मा पुसत होते. तो पुसून झाला तरी पुसतच होते. ग्रंथपाल बाई दाराजवळच्या खुर्चीवर अर्ध्याच टेकल्या होत्या. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्यांची लेक झोपली होती आणि तिच्या झोपेचा काही भरवसा नव्हता.

"आता आडपडदा न ठेवता सांगतो," प्राचार्य म्हणाले. "मदतीच्या योजनेला सरकारने पुन्हा कात्री लावलीय. वर्ष अर्ध्यावर आलं, मुलं कामं करतायत, आणि आता हे म्हणतात पैसे नाहीत. प्रत्येक विभागाने एक नाव कमी करायचं. संध्याकाळपर्यंत मला एक नाव द्या."

"माझ्याकडे आहेच एक," रसायनशास्त्राचे सर म्हणाले. "म्हणजे उद्यापासून बाटल्या मी विसळायच्या?"

"विसळा की. तेवढाच हातांना व्यायाम," शेजारून कुणीतरी म्हणालं.

कुणी हसलं, कुणी नाही. हसणाऱ्यांनीही लगेच तोंडं मिटली.

योजना साधीच होती. ज्यांच्या घरून फी येणं शक्य नाही अशी मुलं वर्ग सुटल्यावर कॉलेजातच काम करायची. कुणी प्रयोगशाळेत, कुणी कार्यालयात, कुणी ग्रंथालयात. त्याच्या बदल्यात त्यांची फी आणि वसतिगृहाचा खर्च सरकार भरायचं. नाव कमी झालं की काम जाणार, काम गेलं की खोली जाणार, आणि खोली गेली की लांबून आलेल्या पोरीने राहायचं कुठे नि शिकायचं कसं, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिली कात्री लागली होती ती वर्षाच्या सुरुवातीला. तेव्हा कॉलेजचं पाळणाघर गेलं. तेही याच निधीतून चालायचं. बाईंची लेक त्या वेळी नुकती बसायला लागली होती. तिचं खरं नाव बरंच मोठं आणि कवितेतलं होतं, पण ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी तिचे गाल बघून तिला 'ठमाकाकू' म्हटलं आणि त्या दिवसापासून ती ठमीच झाली. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या गावी, शनिवारी यायचा नि रविवारी जायचा. सासूबाई घरी होत्या, पण त्यांचे हात थरथरायचे. "दुधाचा पेला हातात धरवत नाही, मूल कसं धरू?" असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि तोंड फिरवून डोळे पुसायच्या. गल्लीतली शिंपीणबाई मशीनशेजारी चटई टाकून पाचसहा मुलं सांभाळायची. बाईंनी ठमीला तिच्याकडे ठेवून पाहिलं होतं. घ्यायला गेल्या तेव्हा पोरीचा आवाज रडून रडून बसला होता आणि ती आईकडे बघतही नव्हती. त्यानंतर त्या तिला थेट ग्रंथालयातच आणायला लागल्या. प्राचार्यांना ठाऊक होतं. ते त्या खोलीवरून जाताना मुद्दाम खोकायचे आणि दुसरीकडे बघायचे.

मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं दुरुस्त व्हायची. तिथे एका कोपऱ्यात पुस्तकांचं मोठं खोकं रिकामं करून त्यात जुनी मऊ चादर घालून ठमीचा बिछाना केला होता. आणि त्याच खोलीत योजनेतल्या दोघी मुली काम करायच्या.

एक डिंकी. हेही बारसं मामांचंच. तिच्या बोटांवर कायम डिंकाचे पापुद्रे असायचे, ती वर्गात बसल्या बसल्या ते सोलायची. पुस्तक हातात आलं की आधी ते उघडमीट करायची, कुठे कुरकुरतंय ते कानाने ऐकायची, मग जुना दोरा उसवायची. पानांच्या घड्या नव्याने शिवायची, पाठीला कापडाची पट्टी लावायची आणि रात्रभर लोखंडी दाबयंत्राखाली ठेवायची. तिच्या हातून गेलेलं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर उघडंच राहायचं, मिटायला बघायचं नाही. बोलायची मात्र मोजकं.

दुसरी मैना. ती कार्डं लावायची, पुस्तकं जागेवर ठेवायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. ठमीला तिचा फार लळा. मैनेने खांद्यावर घेऊन पुस्तकांच्या दोन कपाटांमधून फेऱ्या मारल्या की ठमी पाचव्या मिनिटाला गपगार. बाईंनी तसंच करून पाहिलं होतं. त्यांच्या खांद्यावर ठमी टक्क जागी राहायची.

"तुमचा खांदा काळजीचा आहे, बाई," मामा म्हणायचे. "पोराला कळतं ते. मैनेच्या डोक्यात काही नाही, म्हणून खांदा मऊ."

"मामा, ऐकतेय मी!" मैना कपाटामागून ओरडायची.

"ऐकावं म्हणूनच बोलतोय."

त्या दिवशी बाई प्राचार्यांच्या खोलीतून परत आल्या तेव्हा ठमी जागी होती आणि मैनेच्या वेणीचं टोक चोखत होती. डिंकी खिडकीशी बसून एका जाडजूड शब्दकोशाला टाके घालत होती. दोघींनी वर पाहिलं. कॉलेजात बातमी पायी चालत नाही, ती आधीच येऊन पोचली होती.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी विचार केला, म्हणजे विचार केला असं स्वतःला सांगितलं. कामाच्या दृष्टीने पाहिलं तर कोण जास्त लागेल? कार्डं लावायला, पुस्तकं द्यायला-घ्यायला माणूस रोज लागतो. दुरुस्तीचं काय, ती वर्षभर थांबली तरी चालेल. हे सगळं खरंच होतं. पण हे सगळं बोलून झाल्यावर जे उरत होतं ते बाईंना नीट माहीत होतं. मैना गेली तर उद्या ठमीला कोण घेणार?

शिंपीणबाईचं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, ते त्यांनी बाजूला सारलं. पर्याय नाही, त्या मनात म्हणाल्या. पर्याय होता. तो त्यांना नको होता, एवढंच.

जिन्यात प्राचार्य भेटले. बाईंनी उभ्या उभ्याच डिंकीचं नाव सांगितलं आणि वर जोडलं, "शिवणकामाचं काय, सर, पुढच्या वर्षी केलं तरी चालेल."

"बरं," प्राचार्य म्हणाले. त्यांनी कारण विचारलंच नव्हतं.

डिंकीला सांगायचं काम बाईंनी दुसऱ्या दिवसावर ढकललं. सांगितलं तेव्हा डिंकीच्या हातात सुई होती. तिने आधी टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि मग विचारलं, "माझं काही चुकलं का, मॅडम?"

"छे गं. तुझं काय चुकायचंय? वरूनच आलंय. सरकारने पैसेच कमी केले, आम्ही तरी काय करणार?"

"हो," डिंकी म्हणाली. "पण नाव तर इथूनच गेलं ना?"

खोक्यात ठमी कुरकुरली आणि बाईंना इतकं हायसं वाटलं की नंतर त्याचीच त्यांना लाज वाटली. "आले हं," म्हणत त्या उठल्या आणि डिंकीला पाठ करून लेकीचं दुपटं बदलत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

डिंकीची खोली महिनाअखेरीपर्यंत तिची होती. काम संपलं होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी आली. बाईंना वाटलं, काही विसरलं असेल. पण ती सरळ दाबयंत्राकडे गेली, शब्दकोश बाहेर काढला, उघडमीट करून ऐकला आणि नव्या पुस्तकांसारखा कपाटात नेऊन ठेवला.

त्यानंतरही ती रोज यायची. मागच्या खोलीत यायची नाही, बाहेरच्या कपाटांशी उभी राहायची. तिने दुरुस्त केलेली पुस्तकं ती एकेक करून खाली काढी, पानं चाळी, पाठीवरून अंगठा फिरवी, परत ठेवी. मग पुढचं. बाई टेबलावरून बघत होत्या. आधी त्यांना वाटलं, निरोप घेतेय बिचारी.

"काय शोधतेयस गं, डिंके?" मामांनी शेवटी विचारलं.

"काही नाही, मामा. एखादी घडी उलटी शिवली गेली का बघतेय. पानं मागेपुढे झाली असतील कुठे. कुणी तक्रार केली होती का हो? तुमच्या कानावर काही?"

"तुझ्या पुस्तकाची तक्रार? कॉलेजच्या चहाची तक्रार येते, तुझ्या पुस्तकाची नाही."

"मग काहीतरी असेल," डिंकी म्हणाली आणि पुढचं पुस्तक काढलं.

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. उठून जावं, तिचा हात धरावा, ते पुस्तक काढून घ्यावं आणि सांगून टाकावं, असं वाटलं. पण टेबलाशी चार मुलं पुस्तकं घेऊन उभी होती, त्यांना शिक्के मारून द्यायचे होते. बाईंनी शिक्के मारले. एका पुस्तकावर दोनदा मारला. डिंकी पुढच्या कपाटाकडे गेली तशी बाईंची नजरही गेली, आणि ती काही बोलत नाही म्हणून आपणही बोलायचं नाही, असा एक भेकड करार त्यांनी मनातल्या मनात तिच्याशी करून टाकला. डिंकीला त्याचा पत्ता नव्हता.

मैना मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. त्या आठवड्यात एका दुपारी ती ठमीला थोपटत कपाटांमधून फेऱ्या मारत होती. ठमी झोपली. मैना थांबली, पण तिला खाली ठेवेना.

"मॅडम, वसतिगृहात पोरी काहीबाही बोलतायत."

"पोरींना काय, बोलायला लागतंच काहीतरी."

"त्या म्हणतात, मला बाळामुळे ठेवलं."

बाई कार्डांचा खण उघडून बसल्या होत्या. त्यांनी एक कार्ड काढलं, वाचलं, होतं तिथेच ठेवलं.

"खरंय का?" मैनेने विचारलं. ती कधी एवढं छोटं वाक्य बोलत नसे.

बाईंनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. मैना त्यांच्याकडे बघत होती, खांद्यावर त्यांचंच मूल, तिच्या मानेत नाक खुपसून झोपलेलं. 'नाही' काही बाहेर आलं नाही.

"मला वाटलं, कार्डांमुळे," मैना म्हणाली. "मी सगळी विषयवार लावली ना. आधी कुणाला काही सापडायचं नाही. तुम्ही म्हणाला होता, झकास झालंय म्हणून. मी आईला पण सांगितलं, की मॅडमनी माझं काम बघून ठेवलं." मग तिने ठमीला अगदी अलगद, डोकं सांभाळून, बाईंच्या मांडीवर ठेवलं. "घ्या. मला पुस्तकं लावायचीत. वर्ग सुटेल आता."

ठमी जागी झाली आणि टाहो फोडला. मैनेने मागे वळून पाहिलं नाही, पण कपाटामागे ती पुस्तकं लावत नव्हती. उभी होती नुसती.

एका पोरीचं शिक्षण घालवलं होतं आणि दुसरीचा मान. बाई रडणारी ठमी कडेवर घेऊन तडक प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्राचार्यांनी उठून आधी दार लावलं.

"बाई, नाव वर गेलं," ते म्हणाले. "परत आणायचं तर त्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव द्यावं लागेल. देता?"

"नाही. तिचा काय दोष?"

"मग?"

"दोघींना अर्धं अर्धं काम..."

"अर्ध्या कामाला फी माफ होत नाही. नियम आहे. दोघी जातील." त्यांनी ठमीसमोर किल्ल्यांचा जुडगा हलवून पाहिला, ती आणखीनच रडली. "आणि हे बघा, आत्ता मला जे सांगितलंत ते दुसऱ्या कुणाजवळ बोलू नका. मी तुमच्या भल्याचं सांगतो. योजनेच्या पैशांवर इथे पाळणा हलतो असं वर कळलं ना, तर जी चार नावं उरलीयत तीही जातील. मला तरी कुठे झोप लागतेय? रसायनशास्त्राच्या त्या मुलाचे वडील काल इथे, याच खुर्चीत बसून गेले."

बाई बाहेर आल्या. बोलू नका, असं सांगितल्यावर त्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. चला, आता तर वरिष्ठांनीच सांगितलं. हा सुटकेचा श्वास पुरता आत गेलाही नसेल आणि त्यांना स्वतःची किळस आली. त्या ग्रंथालयाकडे वळल्या नाहीत. वसतिगृहाकडे चालू लागल्या.

डिंकी पेटी भरत होती. खोलीतल्या दुसऱ्या पलंगावरची गादी आधीच गुंडाळलेली होती. तिथली मुलगीही कुठल्यातरी विभागाने दिलेलं नाव असणार.

"अगं, महिना संपायला अजून आहेत ना दिवस?"

"शेवटच्या दिवशी गाडीला गर्दी असते, मॅडम. सगळ्याच निघतील." डिंकीने पलंगावरचे कपडे सरकवून जागा केली. "बसा. बाळ दमलंय वाटतं रडून."

बाई बसल्या नाहीत. बसलं तर बोलता येणार नाही असं त्यांना वाटत होतं. "डिंके, तुझ्या कामात काही चूक नव्हती. एकही घडी उलटी नाही. मी तुझं नाव दिलं ते मैना ठमीला सांभाळते म्हणून. ती गेली असती तर हिला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न होता. कॉलेजचा नाही, माझा प्रश्न. तो मी तुझ्या गळ्यात घातला."

डिंकी हातातल्या कपड्याची घडी घालत राहिली. घडी झाली. ती उलगडून पुन्हा घातली.

"मी सगळी कपाटं पालथी घातली, मॅडम."

"पाहिलं मी."

"पाहिलंत?" डिंकीने प्रथमच मान वर केली. "रोज बघत होता? आणि काही बोलला नाहीत?"

नाव देणं ही एका संध्याकाळची गोष्ट होती, घाईतली, घाबरलेली. पण हे बघत बसणं रोजचं होतं, शिक्के मारता मारता.

"हे माझ्या आईला सांगा," डिंकी म्हणाली. "मी सांगून दमले, की सरकारने पैसे कमी केले. ती म्हणते, मग दुसरी कशी राहिली? तूच कामचुकारपणा केला असशील. तिला वाटतं मी खोटं बोलतेय." तिने फोन लावून बाईंच्या हातात दिला.

डिंकीची आई कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात कामाला होती. फोनमध्ये वाफेचा फुसकारा ऐकू येत होता आणि कुणीतरी कुणाला हँगर आणायला सांगत होतं.

"मी ग्रंथालयातली मॅडम बोलतेय."

"बोला ना, बाई. काय केलं माझ्या पोरीने?"

"तिने काही नाही केलं, ताई. मी केलं."

बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. प्राचार्यांसमोर सांगताना त्यात 'परिस्थिती', 'अडचण' असे शब्द आले होते. आता ते येईनात. एक आई दुसऱ्या आईला सांगत होती, की माझी पोर रडू नये म्हणून तुमची पोर घरी पाठवली. वाफेचा आवाज थांबला. तिकडे तिने इस्त्री बाजूला ठेवली असावी.

"केवढी आहे तुमची?"

"धरून धरून उभी राहते आता."

"माझी उभी राहिली होती, बाई," डिंकीची आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आमच्या घरात इथवर कुणी पोचलं नव्हतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, की ती शिकतेय. आता काय सांगू?"

"तिला माझ्या घरी राहू द्या," बाई एकदम बोलून गेल्या. येताना असं काही ठरवलं नव्हतं. "परीक्षा होईपर्यंत. पुढचंही बघू. फीचं मी करते, हप्त्यांनी देता येते. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. खाणंपिणं आमच्यात."

मग डिंकीच्या आईने सरळ विचारलं, "बाळ सांभाळायला नेताय का?"

बाईंना कुणीतरी गालफडात मारल्यासारखं झालं. 'नाही, नाही' म्हणताना त्यांना कळत होतं, की आपल्या या 'नाही'ला आता कवडीची किंमत नाही. ज्या बाईने सरकारी योजनेतली पोर आपल्या बाळासाठी वापरली, ती घरात नेऊन तिची पूजा करणार आहे का? त्या आईच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही हेच वाटलं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, कुठेतरी आत, अगदी तळाशी, तसं काही नव्हतंच याची त्यांना स्वतःलाही खात्री देता येईना.

डिंकीने फोन घेतला. "आई, मी जाते यांच्याकडे. मला परीक्षा द्यायचीय. काय करायचं नि काय नाही ते मी बोलून घेते." मग फोन ठेवून ती बाईंकडे वळली. "माझी एक अट आहे, मॅडम."

"सांग."

"मी ठमीला घेणार नाही. ती रडली तरी नाही, तुम्ही आजारी पडलात तरी नाही. तुमच्या घरच्या आजींनी सांगितलं तरी नाही. एकदा घेतलं ना, की मी तिथे कशाला आले तेच मला आठवणार नाही."

"कबूल," बाई म्हणाल्या.

"ती मला आवडत नाही, असं काही नाही," डिंकी हळूच म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं.

घरी नवऱ्याने फोनवर थोडी कुरकुर केली. "अगं, निदान विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, की फीच्या पहिल्या हप्त्याचं मी बघतो. बाईंनी त्याला अजून सगळं सांगितलं नव्हतं. शनिवारी तो आला तेव्हा सांगितलं. तो बराच वेळ ठमीच्या तळव्यांना गुदगुल्या करत बसला आणि म्हणाला, "मी इथे असतो तर हे झालं नसतं." ते खरं असेल, नसेल. बाईंना त्याचा काही उपयोग नव्हता.

ठमीला त्यांनी पुन्हा शिंपीणबाईकडे ठेवायला सुरुवात केली. पगारातला मोठा लचका तिकडे जाऊ लागला. पहिल्या दिवशी ठमी रडली, दुसऱ्या दिवशी रडली. बाई ग्रंथालयात बसून घड्याळाकडे बघत राहिल्या. मैना टेबलाशी आली आणि न राहवून म्हणाली, "पाठीवर वरून खाली थोपटायचं नाही म्हणावं त्यांना. गोल गोल. तिला तसं लागतं." आणि निघून गेली. एवढंच. ती अजून पूर्वीसारखी बडबडत नव्हती.

आठवडाभरात ठमीने रडणं सोडलं. बाई घ्यायला गेल्या तेव्हा ती मशीनच्या पायाला धरून उभी होती, हातात रंगीत चिंधी, आणि शिंपीणबाईला बघून खिदळत होती. बाई दारातच थबकल्या. एवढंच होतं तर. एक आठवडा. एक आठवडा लेकीचं रडणं सोसलं असतं, तर दाबयंत्राशेजारच्या त्या खिडकीत आज डिंकी असती. त्यांना लेकीचा आनंद बघून आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण घशाखाली उतरला नाही.

सासूबाईंना अट काही पटली नाही. "धडधाकट तरणी पोर घरात आहे, आणि तू एका हाताने भाजी ढवळतेस नि दुसऱ्या हाताने लेक धरतेस? अगं, जरा घे म्हणावं तिला."

"नाही म्हणायचं, आई."

"का? तिच्या हाताला काटे आहेत का?"

"नाही. माझ्या हाताला होते." सासूबाईंना ते कळलं नाही.

डिंकी सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, आपलं ताट आपण घासायची, सासूबाईंना पेपर वाचून दाखवायची. बाईंशी लागेल तेवढंच बोलायची. तिने बाईंना माफ केलं होतं की नाही ते घरात कुणालाच कळत नव्हतं, आणि विचारायची बाईंची हिंमत नव्हती.

परीक्षा जवळ आली. त्या संध्याकाळी बाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. डिंकी आतल्या खोलीत टेबलाशी वाचत बसली होती, दार उघडं होतं. ठमी भिंतीला धरून धरून, एकेक पाऊल टाकत, हॉलमधून त्या खोलीत शिरली. बाईंना ओट्यापासून सगळं दिसत होतं. डिंकीच्या खुर्चीशी पोचल्यावर ठमीने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि दुसरा हात वर केला. घे, म्हणून. मग दोन्ही हात वर केले आणि बुडावर आपटली. ओढणी सोडली नाही.

डिंकीचं पेन थांबलं. ती पुस्तकाकडेच बघत होती, पण पान उलटत नव्हतं. ठमीने ओठ काढले आणि रडायला सुरुवात केली.

बाईंनी सुरी ठेवली. ओल्या हातांनीच धावत गेल्या. ठमीची मूठ घट्ट होती. एकेक बोट सोडवावं लागलं. एक सोडवलं की दुसरं परत मिटायचं. डिंकी हलली नाही. ओढणी सुटेपर्यंत ती ताठ बसून राहिली, पेन तसंच पानावर टेकवून.

"चल गं, माझे राणी," बाई लेकीला उचलत म्हणाल्या. "ताईला वाचायचंय."

"मॅडम," डिंकी मान वर न करता म्हणाली, "जाताना दार लावून घ्याल? आवाज येतो."

"घेते हं."

बाईंनी दार लावून घेतलं. ठमी त्या बंद दाराकडे हात करून रडत होती. बाई तिला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारू लागल्या, पाठीवर गोल गोल थोपटत, दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत. ती काही लवकर थांबणार नव्हती.